विमरावांची मूठ

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी उंदराने न्यावी.

तर कुमुदिनीबाई आंब्याच्या लोणच्याची बरणी सुनेच्या कोटाखाली लपवून शेजारच्या विमरावांच्या दारात उभ्या होत्या. बेल दाबली, बरणी पायरीवर ठेवली नि दीड मीटर मागे सरकल्या. करोनाचा नियम म्हणजे नियम.

फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी त्या हॉलंडात आइंडहोवनला लेकाकडे आल्या, ऑक्टोबर उजाडला. आता कुठे विमानं सुरू झाली होती. पण लेकाने, विराजने, त्यांना आल्याच्या पहिल्याच आठवड्यात व्हिनेगरातल्या काकड्यांच्या बरणीशी झटताना पाहिलं होतं.

"आई, अंगठ्यात जोर राहिला नाही तुझ्या. सांगलीला एकटी कशी राहणार? इथेच राहा आता."

सांगलीला बाईंचं घर होतं, भिशी होती, दुपारचा रमीचा अड्डा होता. त्यांनी ठरवून टाकलं, यापुढे न उघडलेलं झाकण लेकाच्या नजरेला पडू द्यायचं नाही.

आणि तिकडे खायचं सगळं कडेकोट बंदोबस्तात. चीजच्या पाकिटाला उघडायचा कोपरा असतो, तो मुंगीने धरावा एवढा. बरण्यांची झाकणं तर आतली हवा काढून बसवलेली. मनगटापर्यंत कळ यायची, पण झाकण ढिम्म.

विमराव म्हणजे मूळचे डच विम, 'राव' बाईंनी जोडलेलं; ऐंशीच्या पुढचे, एकटे, बांबूसारखे ताठ. बरणी उचलायचे, बोट वर करून 'थांबा' म्हणायचे, आत जाऊन दार लावायचे. पाच मिनिटांत बरणी परत, झाकण सैल. ना घाम, ना धाप.

"दांक यू," बाई म्हणायच्या. डच येत होतं तेवढंच. मनात मात्र म्हणायच्या, काय ती मूठ! आमच्या तालमीतले गडी या वयात चहाची बशी सांडतात.

घरात सून उत्तराच्या मीटिंगा चालायच्या, म्हणून विराज दिवसभर मागच्या अंगणातल्या लाकडी खोपीत लॅपटॉप घेऊन बसायचा. जेवायला आला की टेबलावर मधोमध उघडी बरणी.

"कोणी उघडली?"

"मी नाही तर कोण, तू?"

तो नुसती मान डोलवायचा. एकदा तर त्याने आईचा उजवा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतला. थंडीचे हातमोजे मागवायचे होते. पोराची माया बघा.

तर त्या लोणच्याच्या दिवशी विराज जेवायला बसला, एक फोड उचलली नि म्हणाला, "तुझं तिकीट काढलंय, बावीस तारखेचं. असल्या हाताची बाई कुठेही एकटी राहील."

बाईंनी आनंदाने पानात आणखी एक फोड वाढून घेतली.

"नाहीतर ते विमराव," विराज भात कालवत म्हणाला. "बोटं पार आखडलीत बिचाऱ्यांची. रोज मागच्या बोळातून माझ्या खोपीवर येतात, एकेक बरणी घेऊन. झाकण मी काढून देतो. माझ्या मुलीला सांगू नको म्हणतात, ती वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल."

बाईंचा हात ताटातच थांबला.

"आज तर आंब्याचं लोणचं आणलं होतं. या वयात तिखटाची चटक लागलीय म्हाताऱ्याला."

उत्तराला ठसका लागला.

"पाणी पी गं," बाई म्हणाल्या. "आणि मला अजून थोडी आमटी वाढ."

आता बाई बरोबर बावीस तारखेला विमानात बसल्या नि सांगलीला पोचल्या, हे सगळं गाव सांगेल. शब्द न् शब्द खरा. बरं, एक सोडून. हातमोजे मी पदरचे घातले. बाईंनी घरी येऊन बॅग उघडली, तर साडीच्या घडीत झाकण काढायचं लांब दांड्याचं यंत्र होतं, आणि त्याची मूठ त्या कागदावरच्या पंजाच्या मापाची.