सुनेचा घोडा

सासऱ्यांनी बुद्धिबळाचे दोन्ही संच ओसरीवर शेजारीशेजारी मांडले. एक त्यांचा, शिसवीचा. दुसरा सुनेनं चोरून घडवलेला, फणसाच्या लाकडाचा. घोडा घरच्या पुरुषानंच कोरायचा, ही रीत तिनं मोडली होती. कोरायची पटाशी तिच्या हाती राहणार की नाही, ते आता ठरणार होतं.

“चष्मा लावा, म्हणजे खोड काढता येईल,” सासूनं टोमणा मारला.

त्यांनी सुनेचा राजा तिरका करून सोडला. तो डुलला आणि सरळ उभा राहिला. वजिराच्या कमरेवरून अंगठा फिरवला. कुठे लाकडाचं कूस टोचलं नाही. मग घोडा उचलला. कान मागे पडलेले, नाकपुड्या फुललेल्या, जणू रानवारा पिऊन आत्ताच दौडत आलेला. लाकडाची तांबूस रेघच मानेवर आयाळ होऊन उतरली होती.

“ही रेघ नेमकी इथे कशी आली गो?”

“तसा तुकडा मिळेपर्यंत थांबले, मामंजी.”

शेजारी त्यांचा घोडा ताठ मानेनं, देखणा उभा होता. तो त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

“याचे कान तेवढे मागे घे. इतकी वर्षं नुसता उभाच आहे बिचारा.”