पिठावरची वाट

बनुबाईनं पिठावर पालथी घातलेली पाटी उचलली. खाली रात्री लावलेला दिवा विझला होता. दिव्याभोवती पसरलेल्या ज्वारीच्या पिठात दोऱ्याएवढी बारीक वाट पडली होती, आणि तिच्यावरून काळे मुंगळे चालले होते.

आकाराम इथंच गेला होता, या भिंतीशी. पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला. जीव गेला त्या जागी पीठ पसरायचं. त्यावर ज्याची पावलं उमटतील, त्या जन्माला माणूस गेला. भावकीत ती पावलं बनुबाई वाचायची.

"मुंगीच्या जन्माला गेला गं," ती म्हणाली.

साताऱ्याहून, विट्याहून आलेल्या बायांनी सूर धरला. "माज्या पलटणीच्या वाघा, येवढुसा कसा रं झालास..."

आकारामची बायको तानुबाई रडली नाही. तो गेल्यापासून रडलीच नव्हती. माणूस कुठं गेला तेवढं कळू दे, रडायचं मग बघू, असं तिचं चाललेलं.

"मेल्यावरबी लाइन सोडली न्हाई दादानं," धाकटा दीर धनाजी म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानं कोनाड्यातला मुंग्या मारायच्या पावडरचा डबा काढला. "वैनी, घरभर व्हत्याली. टाकू का?"

"आरं मुडद्या, भाऊ हाय त्यो तुजा!" बनुबाई ओरडली.

धनाजीचा हात तिथंच राहिला.

तानुबाई रांगेच्या कडेला बसली. मुंगळे भिंतीकडं रिकाम्या तोंडानं जात होते. भिंतीवर वाळवीनं मातीचा पापुद्रा चढवला होता. पुढचे तो उकरत होते, मागचे फटीतून आत घुसत होते. बाहेर येताना प्रत्येकाच्या तोंडात एक वाळवी. पांढरी, मऊ, भाताच्या शितासारखी. भांडण नाही, गडबड नाही. पीठ ओलांडून रांग उंबऱ्याकडं चालली होती.

"आत्याबाई," तानुबाई बनुबाईकडं वळून म्हणाली. सूर थांबला.

"काय गं लेकी?"

"मुंगीबी हितनंच गेली, वाळवीबी हितनंच गेली. ह्यातलं आमचं कंचं? धरणारं, का धरल्यालं?"

बनुबाईनं पिठाकडं पाहिलं. मग मुंगळ्यांकडं. मग पदरानं नुसतंच तोंड पुसलं.

उंबऱ्यावर एक मुंगळा चढता चढता थांबला. त्याच्या तोंडातली वाळवी अजून पाय हलवत होती.