खोपटापासून गाडीवाटेपर्यंत

सुष्मितानं आकारामच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला आणि तिला हसूच फुटलं.

वरच्या पट्टीत पाच फोल्डर होते. खोपट. चिंचेखालचं. लांबडं. निवडुंगाचा बांध. गाडीवाट.

"अहो काका, हे काय लावलंय?"

"कामाचंच हाय सगळं," शेजारी उभा असलेला आकाराम म्हणाला. कागलच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा फौंड्रीत तयार माल रवाना करायचं टेबल त्याचं. पन्नाशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

सुष्मिता कोल्हापुरातल्या एका कॉम्प्युटरच्या फर्ममधून आली होती. सकाळपासून तिनं अकरा कॉम्प्युटर सरळ केले, हा बारावा. सगळीकडं एकच मांडणी करायची, मॅनेजर हंबीररावांचा हुकूम: मेल, खरेदी, रवानगी, कर. हुकूम तसा वाजवीच. मागच्या महिन्यात आकाराम चार दिवस भाचीच्या लग्नाला काय गेला, एक गाडी कुठवर पोचली ते अख्ख्या ऑफिसला गावेना. पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोनवर हंबीररावांची बिनपाण्यानं केली होती.

"लांबडं म्हणजे?"

"माल भरायचा त्यो ऑनलाइन तक्ता. सरकवत गेलं तरी सपत न्हाय. रानबी तसंच हुतं आमचं. सकाळी पात धरली की दुपारी टोक."

"आणि निवडुंगाचा बांध?"

"कर भरायची साईट. तिकडं उगंच कोण जातंय? गेला त्यो वरबाडूनच येतोय."

दोघंही हसली.

"कुठं आहे हे रान?"

"हितंच की." आकारामनं फरशीकडं बोट केलं. "भट्टी हाय न्हवं, तिथं चिंच. तुम्ही बसलाय तिथं खोपट. रान कारखान्यात जाऊन बारा वर्सं झाली."

सुष्मितानं नकळत पाय आवरून घेतले.

"दावू काय?" म्हणत तो खुर्चीत बसला, माऊसवर हात ठेवला आणि चक्क डोळे मिटले. "खोपटातनं निघायचं. निघताना मेल बघायची. मग चिंचंखाली जरा टेकायचं, तिथं पेपर. तिथनं लांबडं. सावली पाठीमागं पडती सकाळच्या पारी. मग गुडघाभर पान्याचा वढा वलांडला की गाडीवाट. तिथं सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या साईट, हुबळीवाला पैला, कारन ती बाजू दक्षिनंची..." मधेमधे एखादा डोळा किलकिला करायचा, टिचकी मारायचा, पुन्हा मिटायचा. पडद्यावर एकामागं एक टॅब उघडत गेले. भट्टीकडून ऊन वारा आत येत होता, पंखा संथ फिरत होता, आणि सुष्मिताला वाटलं, आपणही मागोमाग चालतोय. ढेकळं पायाखाली फुटतायत. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारी ती, पण इतकं भराभर काम करणारा माणूस तिनं बघितला नव्हता.

ती भानावर आली. "फक्त नावं बदलते, काका. साईट सगळ्या राहतील."

"साईट काय, कुठंबी गावत्यात." त्याचा आवाज एकदम उतरला. "चिंच तोडली, खोपट पाडलं, कुनाला काय बोललो न्हाय. सायबानं खुर्ची दिली, बसलो. नावं तेवढी हितं ठेवल्ती. घरात आता पोरंबी ती नावं घेत न्हाईत."

सुष्मिता पडद्याकडं वाकली. "एका कोपऱ्यात ठेवू का? 'जुनं' म्हणून?"

"जुनं म्हनून?" त्यानं चष्मा वर सारला. "नगं. ऱ्हाऊ द्या. काडायचंच तर मीच काडतो."

त्यानं पाचही फोल्डर एकेक करून काढले. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की? प्रत्येक वेळी त्यानं व्हय म्हणून बटण दाबलं. सुष्मितानं मग नवे चार फोल्डर लावले. पाच मिनिटांचं काम.

तेवढ्यात केबिनमधून हंबीरराव ओरडले, "आकाराम! हुबळीची गाडी कुठवर गेली रे? पार्टी फोनवर हाय!"

आकारामनं माऊस धरला. समोर ढळढळीत 'रवानगी' लिहिलेलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं. डोळे मिटले, उघडले. हात काही हलेना.

"आलोच," तो पुटपुटला आणि उठून बाहेर गेला.

सुष्मिता खिडकीशी गेली. आकाराम भट्टीच्या शेडला वळसा घालून मागच्या मोकळ्या यार्डात आला होता. नाकासमोर वाट असताना तो मधेच डावीकडं वळला. थोडं चालला आणि थांबला. पुढं नुसतं काँक्रीट, मार्चच्या उन्हात तापून पांढरं पडलेलं. त्यानं वाकून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. चपला काढून हातात घेतल्या. आणि मग एकेक पाऊल चाचपत, जपून टाकत तो निघाला. मधे एकदा तोल सावरायला हात बाजूला धरले.

चटके बसत असणार. पण तो पाय उचलायची घाई करत नव्हता.

हंबीरराव फोनवर हात दाबून दारात आले. "अगं, आकाराम कुठं तडमडला? एका टिचकीचं काम हाय!"

सुष्मितानं खिडकीतून नजर काढली नाही.

"थांबा जरा, सर," ती हळूच म्हणाली. "पलीकडं पोचू द्या त्यांना."