निळ्या फ्रॉकची पिन

“मावशी, मागे बस ना. इतक्या जवळून डोळे दुखतील,” भाची म्हणाली.

“दुखू देत,” म्हणत धाकटीने खुर्ची आणखी पुढे ओढली.

जावयाने आणलेला नवा टीव्ही जवळजवळ भिंतीएवढा होता. तो लावायला लग्नातला फोटो काढून कपाटामागे ठेवावा लागला होता, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आज त्यावर तो जुना सिनेमा लागणार होता, ज्यात थोरली बहीण दिसते. बोटीतून उतरणाऱ्या नायकाला फुलं देते आणि हसते, बस्स. पण त्या एका हसण्यावर थोरलीने आख्खा जन्म काढला होता. त्या हसण्यावर तिचं लग्न जमलं. अजूनही दवाखान्यात नंबर लावून बसली, की कुणीतरी विचारायचं, “त्या तुम्हीच ना?” आणि धाकटी कोण, तर त्यांची बहीण.

जुन्या प्रतीत सगळं धूसर होतं. चेहरा म्हणजे एक उजळ ठिपका, आणि ठिपक्यात काय, म्हशीसुद्धा देखण्या दिसतात, असं धाकटीचं स्पष्ट मत होतं. आता सिनेमाच्या कंपनीने मूळ फिल्म धुऊनपुसून नव्याने काढली होती. “फोर-के आहे, मावशी. केसन् केस दिसतो,” जावई कालपासून सांगत होता.

दिसू दे, धाकटी मनात म्हणाली. हनुवटीवरच्या पुटकुळ्या दिसू देत, पुढे आलेला दात दिसू दे. आणि मुख्य म्हणजे पिन दिसू दे. कारण सिनेमातला तो निळा फ्रॉक धाकटीचा होता. दिग्दर्शकाला निळाच रंग हवा होता आणि घरात निळा फ्रॉक एकच होता. थोरलीच्या अंगात तो शिरेना, तेव्हा आईने मागची शिवण उसवली आणि कॉलरखाली पिन टोचून कसाबसा बसवला. धाकटीला जुनेर घालून बोटीवरच्या गर्दीत उभं केलं. ती पिन आजवर कुणाला दिसली नव्हती.

थोरली चहाचा ट्रे घेऊन आली. “आता काय बघायचंय माझं मेलं,” म्हणाली, आणि सोफ्याच्या बरोबर मधोमध बसली.

सिनेमा सुरू झाला. बोट आली. दोराचे पीळ दिसत होते, लोखंडावरचा गंज दिसत होता. मग बाजूने टिपलेल्या दृश्यात निळा फ्रॉक घातलेली मुलगी फुलं घेऊन पुढे झाली. पुटकुळ्या होत्या. दातही होता. आणि त्यांच्यासकट ती अशी काही दिसत होती की जावयाच्या हातातला कप तसाच राहिला.

“आई गं! केवढी गोड दिसतेस!” भाची म्हणाली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा टीव्हीही शेवटी थोरलीच्याच बाजूचा निघाला!

“थांबव! थांबव तिथेच!” ती उठून टीव्हीपाशी गेली आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, “ही बघा. कॉलरखाली पिन आहे. शिवण उसवलेली दिसतेय? फ्रॉक माझा होता. हिला बसत नव्हता.”

पिन खरंच लख्ख दिसत होती. पण बघणाऱ्यांचे डोळे पिनवरून केव्हाच पुढे सरकले होते.

“मावशी, ही तू आहेस?”

नायकाच्या खांद्यामागे, बोटीच्या शिडीवर, गर्दी दाटली होती. सगळ्यांना ताकीद होती, नायकाकडे बघा. सगळे बघतही होते. एकच मुलगी फुलं देणारीकडे बघत होती.

“थांबा, आणखी जवळ घेता येतं,” जावई उत्साहाने म्हणाला. भोळा माणूस. त्याने बटण दाबलं आणि धाकटीचा चेहरा भिंतभर झाला.

आता कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. नाकपुड्या फुगलेल्या, डोळे बारीक झालेले, खालचा ओठ दाताखाली. कुणी पाहत नाही अशा खात्रीने ती मुलगी मन भरून जळत होती. भाचीने पडद्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीचा ओठ आत्ताही दाताखालीच होता.

जावयाने घाईघाईने रिमोट खाली ठेवला. धाकटीला भिंत दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

थोरलीने चहाचा घोट घेतला.

“मला तेव्हाच दिसलं होतं ते,” ती म्हणाली. “समोरच तर होते मी तिच्या.”

“आणि तू काही बोलली नाहीस?” भाचीने विचारलं.

“बोलू कशी? कॅमेरा चालू होता.” थोरलीने कप खाली ठेवला. “हिचं ते तोंड बघूनच तर मला हसू आलं.”

भाचीने रिमोट उचलला, चित्र पुन्हा मूळ आकाराचं केलं आणि सिनेमा पुढे चालू केला. निळ्या फ्रॉकमधल्या मुलीने फुलं दिली, नायकाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि ती हसली.

धाकटी पडद्याला नाक लावून बघत होती. ते हसू वेडावून दाखवणारं होतं की बहिणीचं होतं, एवढ्या मोठ्या, एवढ्या लख्ख टीव्हीवरसुद्धा तिला कळेना.

“मागे घे,” ती म्हणाली. “परत लाव.”