संबंधित व्यक्ती

‘संबंधित व्यक्तीच्या स्वतःच्या अर्जावरून हे नाव इंटरनेटवरील शोधातून काढण्यात आले आहे,’ असे विद्यापीठाने कळवले.

संबंधित व्यक्ती मी आहे आणि मी अर्ज केलेला नाही. लग्नात नवरदेव केशवरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘विमल’ लिहिले, तेव्हापासून मला ‘अरुंधती’ म्हणणारे कोणी उरले नाही. दर शनिवारी नवीन जालन्यातल्या सायबर कॅफेत मी ते नाव शोधी; माझा प्रबंध आणि खाली मी विद्यापीठाला पुढे कळवलेला आमच्याच घराचा पत्ता दिसे, मग मी परते. एका शनिवारी ते दिसेना, म्हणून मी विद्यापीठाला विचारले होते.

केशवरावांना विचारले.



“तुझ्या नावानं मीच केल्ता अर्ज, विमल. पोरीला बघायला आलेल्यांनी नेटवर आपला पत्ता टाकला, तर अरुंधती निघाली. इचारलं, ‘ही पहिली बायको का?’ समजावत कोण बसणार? म्हणलं, हो, वारली.”