मालुबाईचा अंगठा

काळ्या टोपीचा माणूस तिसऱ्यांदा अंगणात उभा राहिला, तेव्हा मालुबाईनं आधी अंगठा पदराखाली घेतला आणि मग त्याच्याकडं बघितलं.

"बाई, कागद आणलाय," तो म्हणाला. "पण तुमच्या एकटीशी बोलायचंय."

हे जरा जास्तच झालं. नवरा जाऊन चार महिने न झालेल्या बाईशी परक्या पुरुषाला एकट्यानं काय बोलायचं असतं, हे कडोलीत कुणी कुणाला विचारत नाही.

गोठ्यातून भावकू आला, मालुबाईचा थोरला दीर. हातात बैलाचं दावं तसंच होतं.

"काय असंल ते हितंच बोल की. मी काय बहिरा हाय व्हय?"

टोपीवाल्यानं भावकूकडं बघितलं, कागद पिशवीत सारला आणि वाटेला लागला.

"निपाणीच्या सावकाराचा माणूस," भावकू म्हणाला. "राजीनाम्यावर, म्हंजी तडजोडीच्या कागदावर, अंगठा घ्यायला टपलाय. एकदा शाई लागली की संपलं बघ. रवळूचा जीव फुकट गेला."

माघात निपाणीच्या वखारीत तंबाखू टाकून परत येताना, काकती गावाच्या वरच्या बाजूला, तिच्या नवऱ्याला, रवळूला, फटफटीनं उडवलं होतं. फटफटी तंबाखूवाल्या सावकाराच्या पोराची. रवळू बैलांच्या बाजूनं चालत होता. बेळगावच्या दवाखान्यात तो आठ दिवस तगला. भावकू उशाशी बसून होता. नवव्या दिवशी रवळू गेला आणि दहाव्या दिवशी सावकाराच्या माणसांनी बाजारात सांगायला सुरुवात केली, की गडी ताडी पिऊन आपल्याच गाडीच्या चाकाखाली आला.

ताडी. दुसरा कप चहा दिला तर डोकं चढतं म्हणणारा माणूस तो.

मालुबाईला कोर्टात उभं राहून हे खोडायचं होतं. आणि दोन लेकींना त्यांच्या बापाच्या जिवाची भरपाई कायद्यानं मिळवून द्यायची होती, म्हणजे जन्मभर दिराच्या घरी दळत बसायला नको. यातलं दुसरं ती भावकूला बोलली नव्हती.

"जायचं की कोर्टात," भावकू म्हणाला होता. "मी सोता नेतो. पर वरसाचं झाल्याबिगर न्हाय. मेलेल्याचं वरीस भरायच्या आत भांडाण काढलं, तर त्याचा जीव अडकून ऱ्हातो. तवर कागदाला हात लावायचा न्हाय, परक्याशी बोलायचं न्हाय."

मालुबाईला ते पटलं. आधीच तडफडून गेलेल्या जिवाला आणखी कशाला अडकवायचं?

पावसाळ्यात धोंड्याचा महिना लागला. भावकूचा जावई जेवायला आला. पुरणाचे धोंडे तळत असताना कुंपणाशी काळी टोपी दिसली, पावसात भिजून चपटी झालेली.

"आज दोन जावई आले की गं," जाऊ बायाक्का म्हणाली. "त्यालाबी वाढू का चार धोंडे?"

मालुबाई हसली. रवळू गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तिनं मागल्या दाराची कडी लावली. भावकू ओसरीवर येऊन बसला तसा टोपीवाला निघून गेला.

दिवाळीनंतर टपालानं पत्र आलं. घरात तिसरीपर्यंत शिकलेला भावकू एकटाच. त्यानं चुलीच्या उजेडात ओठ हलवत ते दोनदा वाचलं.

"काय लिव्हलंय, भावजी?"

"गप बसा, न्हायतर लेकींकडं बघून घेतो म्हणतोय." त्यानं पत्र चुलीत घातलं. "तू काळजी करू नगंस. मी हाय न्हवं?"

त्या दिवसापासून पोरी विहिरीवर एकट्या गेल्या नाहीत.

पौषात टोपीवाला शेवटचा आला. भावकू ओसरीवरच सुतळी वळत होता. टोपीवाला कुंपणावरूनच म्हणाला, "बाई, आता दिवस राहिले नाहीत."

मालुबाई विळा घेऊन दारात आली. तो गेला.

"शाब्बास," भावकू म्हणाला.

वरसाचं यथासांग झालं. भावकूनं शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपली, नवा पटका बांधला आणि मालुबाईला बेळगावच्या कोर्टापाशी आणलं. "पायरीवर बस. बैल सावलीला बांधून येतो," म्हणून तो गेला.

पायऱ्यांवर काळी टोपी उभी होती.

मालुबाईचा हात पदराखाली गेला. मग तिनं चारी बाजूंना बघितलं. भर दुपार, एवढी माणसं. हितं हा काय करणार? ती स्वतःच त्याच्यापुढं गेली.

"बोल काय बोलायचंय ते. आता एकटी हाय."

तो मान हलवून तिला समोरच्या खोलीत घेऊन गेला. आत एक वकील बसले होते. त्यांनी रवळू गेल्याची तारीख आपणच सांगितली, बोटांवर दिवस मोजले आणि चष्मा काढून ठेवला.

"माघ ते माघ थांबलात, बाई. मधे धोंड्याचा महिना जादा आला. कोर्ट इंग्रजी तारखेनं चालतं, आणि या दाव्याला माणूस गेल्यापासून एक वर्षाची मुदत असते. ती संपून आज वीस दिवस झाले." त्यांनी एक चुरगळलेला कागद पुढं केला. "हे वकीलपत्र. माझा कारकून वर्षभर तुमच्या दारात हेच घेऊन येत होता. पत्रातही तेवढंच लिहिलं होतं, लवकर या म्हणून."

मालुबाईनं कागदाला हात लावला नाही. "मग दारात आल्यावर सांगितलं का न्हाय?"

"तुमच्या नवऱ्याचीच अट होती. दवाखान्यात माझे वडील त्याच्या शेजारच्या खाटेवर होते. त्याचा भाऊ पाणी आणायला उठला, तसं त्यानं मला खुणेनं बोलावलं. म्हणाला, बायकोला कोर्टात उभी करा, पण माझ्या भावासमोर तिच्याशी एक शब्द बोलू नका."

"का?"

वकिलांनी आवाज खाली आणला. "फटफटीवर दोघं होते, बाई. मागं बसलेल्याला त्यानं ओळखलं होतं."

दार उघडलं.

"मालू, झालं का गं काम?" भावकूनं मायेनं विचारलं. "चल, गाडी जुंपून ठेवलीया. उजेड हाय तवर घर गाठू."