थंड इंजिनाचा आवाज

दादामियाँनी टेबलावर स्वच्छ कापड पसरलं आणि त्यावर दोन पिस्टन शेजारी शेजारी ठेवले. दिसायला दोन्ही सारखेच. चकचकीत, मुठीत मावतील न मावतील एवढे.

"जुने चालणार नाहीत, वहिनी," ते म्हणाले. "गाडी तीन वर्षं उभी. सिलिंडरला गंज धरला होता, आतून तासून बोअर मोठा करावा लागला. आता नवेच हवेत. ह्यातले कुठले, ते सांगा."

विजयमाला कोथरूडहून नाना पेठेतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये स्कूटरवर आली होती. हेल्मेट अजून हातातच होतं. दुरुस्तीला आलेली मोटार तिच्या नवऱ्याची, संभाजीरावांची. रॅलीत पळवलेली. ते गेल्यापासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली होती. महिन्यापूर्वी विजयमालाने ती ओढून इथे आणवली आणि "चालू करून द्या" एवढंच सांगितलं.

"ह्या दोघांत फरक काय?" तिने विचारलं.

दादामियाँना बरं वाटलं. चाळीस वर्षं ते इंजिनं बांधत होते. हा प्रश्न फार थोड्या गिऱ्हाइकांनी विचारला होता.

"दोन्ही फोर्ज्ड. साच्यात ओतलेले नाहीत, दाबून घडवलेले. ताकदीला दोन्ही खणखणीत. पण ह्या डावीकडच्यात सिलिकॉन भरपूर आहे. तापला तरी फार फुगत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये नेटका बसतो. इंजिन पहिल्या सेकंदापासून गप्प. उजवीकडच्यात सिलिकॉन नावालाच. तो चिवट, कितीही मार खाईल, तडकणार नाही. पण तापला की फुगतो. म्हणून भोवती जास्त जागा सोडावी लागते."

"रॅलीला कुठला?"

"उजवीकडचा. पण तुम्ही कुठे रॅलीला निघालात? खराडीला ऑफिसात जाणार, सिग्नलला थांबणार. तुम्हाला डावीकडचाच. डोळे झाकून."

उजवीकडचा पिस्टन परत ठेवून द्यायला त्यांनी कागदात गुंडाळायलाही घेतला.

"जागा सोडली की काय होतं?"

"इंजिन थंड असताना पिस्टन आत डुलतो. टक-टक-टक-टक वाजतो. चार-पाच मिनिटं. मग तापून नीट बसला की आवाज बंद."

विजयमालाने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"म्हणजे तो आवाज ह्याचा होता," ती म्हणाली. "आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच पार्किंग. रोज सकाळी सहाला सुरू. मी वरून म्हणायची, अहो, एवढा जीव टाकता त्या इंजिनावर, आणि वाजतं शिलाई मशीनसारखं. ते खालून ओरडायचे, चहा टाक, गाडी तापली की येतोच. मी घड्याळ बघायचीच नाही. आवाज थांबला की चहा गाळायचा."

दादामियाँच्या हातातला कागद तसाच राहिला.

"वहिनी, माझ्या हातचं इंजिन वाजत नाही," ते म्हणाले. "लोक म्हणतील, दादामियाँ म्हातारा झाला."

"म्हणू देत. कोथरूडची बाई हट्टी होती म्हणून सांगा. कोथरूड म्हटलं की लोकांना पटेल."

ते हसले. मग त्यांनी डावीकडचा पिस्टन उचलून खोक्यात ठेवला.

ते इंजिन त्यांनी एकट्याने बांधलं, कारागिरांपैकी कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक सिलिंडरचं माप तीन-तीनदा घेतलं. जागा कमी सोडली तर पिस्टन तापून अडकेल, जास्त सोडली तर टिकणार नाही. आयुष्यभर त्यांनी हे केसाएवढं अंतर मोजलं होतं ते आवाज येऊ नये म्हणून. ह्या वेळी तो यावा म्हणून मोजत होते.

तीन आठवड्यांनी त्यांनी विजयमालाला सकाळीच बोलावलं. इंजिन आदल्या दिवशी चालवून पाहिलं होतं, आता पूर्ण गार होतं. दादामियाँ गाडीत बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

टक-टक-टक-टक.

विजयमाला गाडीकडे बघतच नव्हती. ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली होती, गाडीकडे पाठ करून. एक हात बेसिनच्या काठावर. दादामियाँ समोरच्या डायलवर तापमानाचा काटा चढताना बघत होते. तो जरा सावकाश चढावा, असं त्यांना आज पहिल्यांदाच वाटलं.

आवाज बारीक होत गेला. मग तुटक. मग थांबला. इंजिन लोण्यासारखं चालू लागलं.

विजयमालाने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली.

"बंद करा," ती म्हणाली.

"का? काही चुकलं?"

"नाही हो. अगदी तसंच आहे." तिने पदराने तोंड पुसलं. "परत गार व्हायला किती वेळ लागेल?"

"दोन-तीन तास तरी."

"थांबते मी."

दादामियाँनी चावी काढली. बॉनेट उघडून पूर्ण वर केलं, आणि आपल्या टेबलाजवळचा पंखा उचलून इंजिनासमोर आणून लावला.